व्याह्यांच्या बोटीचं इंजिन

व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी महाळुंग्यात कंपनीच्या गेटबाहेर बसची वाट बघत उभा होतो. पहिली शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर कंटेनरची रांग हलत नव्हती आणि माझे पाय भरून आले होते. मोबाइलवर त्यांचा नंबर दिसला. आमची मुलगी थोड्याच दिवसांपूर्वी एक बॅग घेऊन संत तुकाराम नगरला आमच्या घरी येऊन राहिली होती. परत कधी जाणार हे तिनं सांगितलं नव्हतं आणि आम्हीही धड विचारलं नव्हतं. मुलीचे सासरे फोन करतायत म्हणजे आता तेच विचारणार, असं धरून मी फोन कानाला लावला.

त्यांनी विचारलं, “इवाई, बोटीला कंचं इंजिन घ्यावं?”

 मी म्हणालो, बघायला लागेल. ते म्हणाले, मग या की रविवारी बघायला. फोन ठेवला. बस आली, जागा मिळाली नाही आणि पिंपरीपर्यंत मी उभ्यानं त्याचाच विचार करत आलो. इंजिनाचा नाही. त्यांनी दुसरं काहीच कसं विचारलं नाही, याचा.

मला इंजिनाचं विचारण्यात तसं नवल नव्हतं. माझी उभी नोकरी इंजिनं तपासण्यात गेली. नवीन डिझेल इंजिन तयार झालं की ते आमच्या टेस्ट सेलमध्ये येतं. तिथं ते लोखंडी पायावर बांधायचं, त्याच्यावर लोड टाकायचा आणि काचेपलीकडं बसून ते किती तापतं, किती डिझेल पितं, किती धूर टाकतं हे बघत राहायचं. आयटीआय करून लातूरकडून इकडं आलो तेव्हापासून हेच केलं. कान थोडे गेले, बाकी तक्रार नाही. पण पाण्याशी माझा संबंध नळापुरताच. आमच्या गावाकडं पोहायला शिकण्याएवढं पाणी विहिरीत कधी टिकलंच नाही.

व्याह्यांचं उलट. ते चाकणच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या एका धरणाच्या काठावरचे. जुनं शेतकरी घर. थोडी जमीन पाण्यात गेली, थोडी कंपन्यांना गेली, राहिली ती पाण्यालगतची एक पट्टी. काही वर्षं ते स्वतः चाकणला एका कारखान्यात प्रेसवर उभे राहिले. गुडघे बोलायला लागले तसं काम सोडलं आणि त्या पट्टीवर तंबू लावले. शनिवार-रविवारी हिंजवडीकडची आयटीतली मंडळी यायची, चुलीवरचं जेवायची आणि बोटीतून एक चक्कर मारायची. बोट फायबरची, सपाट तळाची, वर पत्र्याच्या पट्ट्यांवर ताणलेलं ताडपत्रीचं छत. फार काही नव्हतं ते, पण घर त्याच्यावर चालत होतं.

रविवारी निघताना बायकोनं बजावलं, की इंजिनाचं राहू द्या, पोरीचा विषय काढा. मी हो म्हणालो. मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. हल्ली ती रविवारीही कामच करायची. कुठं चाललोय ते मी तिला सांगितलं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “दादांना सांगा, गुडघ्याचा पट्टा काढून ठेवू नका म्हणावं.” सासऱ्यांना ती दादा म्हणते. एवढं बोलून तिनं परत स्क्रीनकडं बघितलं.

जुनं इंजिन बोटीच्या मागं टांगलेलं टू-स्ट्रोक होतं, कोकणातल्या कुणाकडून तरी जुनंच घेतलेलं. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावं लागतं. जळतं तेवढं जळतं, उरलेलं पाण्यात जातं. व्याह्यांनी दोरी ओढून ते सुरू केलं तसा निळा धूर माझ्या तोंडावर आला आणि मागं पाण्यावर रंगीत तवंग पसरत गेला. हेच पाणी पुढं शहराला प्यायला जातं. बोटीची परवानगी बघणाऱ्या साहेबांनी तोंडी सांगून ठेवलं होतं, की पुढच्या खेपेला हा तवंग दिसता कामा नये. पाहुण्यांचीही कुरकुर होतीच. डोंगर बघायला आलेल्या माणसाला खोकला लागायचा आणि शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागायचं.

आम्ही काठावरच्या आंब्याखाली बसलो. त्यांनी आधीच बऱ्याच जणांना विचारून ठेवलं होतं आणि ज्यानं-त्यानं वेगळं सांगितलं होतं. विकणाऱ्या दुकानदाराचं म्हणणं, फोर-स्ट्रोक पेट्रोल घ्या. त्यात ऑइल वेगळं राहतं, धूर जवळजवळ नाही, आवाजही पुष्कळ कमी. हे सगळं खरं होतं. मला खटकत होतं ते पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं फारसं काही होत नाही, टाकी रिकामी होते, भरते. बोट मात्र सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नुसती उभी. अर्धी टाकी पेट्रोल, वर दमट हवा. पाणी वाढत वाढत गेलं की इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं आणि इंजिनाची नळी ओढते ती तळातूनच. व्याही म्हणाले, मग रोज एक चक्कर मारू की. मी विचारलं, कुणाला घेऊन मारणार, बगळ्यांना? ते हसले नाहीत. मलाही मग बरं वाटलं नाही.

माझा जीव डिझेलमध्ये. डिझेल सहजी पेट घेत नाही, आणि पोराबाळांना बसवायचं तर ही मोठी गोष्ट आहे. थोड्या इंधनात चालतं, नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण एवढ्याशा बोटीला ते जड. मागं टांगता येणारं डिझेल आपल्याकडं सहज मिळत नाही. पोटात बसवायचं तर फायबरला भोक पाडून पाण्यातल्या पंख्याचा दांडा बाहेर काढावा लागणार, आणि सपाट तळाच्या बोटीत त्याचा हादरा बसणाऱ्याच्या दातापर्यंत जाणार. हे मी त्यांना सांगत होतो तेव्हा माझं मलाच जिवावर येत होतं.

त्यांचा स्वतःचा कल सीएनजीकडं होता, कारण त्यांचा टेम्पो सीएनजीवर होता आणि त्यानं कधी दगा दिला नव्हता. मी म्हटलं, गॅस चांगला आहे, गळला तरी वर उडून जातो, पण त्या टाकीचं वजन बघा, आणि चाकणला पंपावरच्या रांगेत बोट घेऊन उभं राहणार का? मग ते जरा दबकत म्हणाले, की एक गॅरेजवाला सिलिंडरच्या गॅसचं किट बसवून देतो म्हणतोय, स्वस्तात होईल. तिथं मात्र मी ठाम नाही म्हणालो. तो गॅस हवेपेक्षा जड. जमिनीवर गळला तर वारा घेऊन जाईल, बोटीत गळला तर तळाशी साचून राहील, ताटात पाणी राहावं तसा. एक ठिणगी पडली की झालं. त्यांनी मान हलवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

बॅटरीवरच्या मोटरीचं त्यांनीच विचारलं. मी ते उडवून लावलं. म्हणालो, चार्ज संपला तर मधोमध काय करणार, आणि तुमच्याकडं गुरुवार आला की दिवसभर लाइट नसते. माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण कंपनीत आमच्या टेस्ट सेलमधले दिवे एकेक करून बंद व्हायला लागले होते, डिझेलच्या जागी मोटरी आणि बॅटऱ्या येणार म्हणून, आणि रविवारी तरी मला त्यांचं नाव नको होतं.

संध्याकाळ झाली. मुलीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. निघताना त्यांनी विचारलं ते इतकंच, “पट्टा लावा म्हनली का ती?” मी हो म्हणालो. घरी बायको दारातच उभी होती. काय म्हणाले, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, फोर-स्ट्रोक चांगलं आहे पण पेट्रोलची पंचाईत आहे. ती आत गेली.

असे बरेच रविवार गेले. आठवडाभर नोकरी, जाता-येता तळेगाव चौकातली कोंडी, आणि रविवारी परत तोच रस्ता. मुलगी आमच्याकडंच होती. जावयाचा एकदाही फोन आला नव्हता, निदान आमच्यासमोर तरी नाही. व्याही दर दोन दिवसांनी फोन करायचे. इंजिनाचं वजन किती, पंखा केवढा, खाऱ्या पाण्यातलं इंजिन गोड्या पाण्यात चालेल का. मी कामावरून येऊन अंथरुणावर आडवा व्हायचो आणि पडल्या पडल्या उत्तरं द्यायचो. बायको म्हणायची, तुमची दोघांची कमाल आहे. मला कमाल नव्हती वाटत. मला फक्त थकवा होता, आणि इंजिनाचं बोलणं सोपं जात होतं.

शेवटी मी म्हणालो, अंदाजानं बोलण्यात अर्थ नाही, भरल्या बोटीला चक्कर मारायला प्रत्यक्षात किती इंधन लागतं ते बघू. मी एका गुरुवारी रजा टाकली. त्या दिवशी पाहुणे नसतात. आम्ही माणसांऐवजी वाळूची पोती बोटीत भरली आणि दुपारी निघालो. उन्हाळ्याचं तोंड होतं, पश्चिमेचा वारा सुटला होता. पाण्याच्या मधोमध आलो आणि इंजिन आधी अडखळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

व्याह्यांनी दोरी ओढली. परत ओढली. मग इंजिनाचं झाकण काढून फिल्टरची वाटी उघडली. खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता. रविवारपासून टाकी उभी होती आणि तिचं झाकणही सैल राहिलं होतं. मी इतके रविवार जे सांगत होतो तेच समोर होतं, पण त्याचा आनंद व्हायची ती जागा नव्हती. वल्ही बघितली तर एकच. दुसरं त्यांनी तंबूला टेकू म्हणून लावलं होतं. एका वल्ह्यानं बोट जागच्या जागी फिरते. वाऱ्यानं आम्हाला हळूहळू पलीकडच्या काठाकडं लोटायला सुरुवात केली. मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि दोन्ही हातांनी फळी धरून बसलो.

व्याही माझ्या समोरच्या पोत्यावर बसले. ते घाबरलेले नव्हते, हे पाणी त्यांच्या ओळखीचं. थोडा वेळ त्यांनी काठाकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “इवाई, पोरगी परत यायची न्हाई. तुमी वाट बघू नगा.”

मी विचारलं, “ती तुम्हाला काही बोलली?”

“बोलली न्हाई. पन मला म्हाईत हाय.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. दिवाळीनंतर मुलीला दिवस गेले होते. अजून सुरुवातच आहे म्हणून तिनं आणि जावयानं कुणालाच सांगितलं नव्हतं. एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. जावई ऑफिसमध्ये मीटिंगला बसलेला, फोन उचलत नव्हता. त्या दिवशी व्याही तांदळाचं पोतं घेऊन वाकडला, मुलगी-जावयाच्या फ्लॅटवर, निघालेले होते. तिनं त्यांना फोन लावला. त्यांनी पोतं तसंच टेम्पोत ठेवलं, तिला पुढं बसवलं आणि त्या गर्दीतून दवाखाना गाठला. पण तोवर सगळं झालं होतं. डॉक्टरांनी सह्या मागितल्या, त्या त्यांनी केल्या. नातं काय, असं विचारल्यावर वडील म्हणून सांगितलं.

जावई दुपारी आला. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये त्यानं गाडी लावली आणि गाडीतच बसून राहिला. व्याही खाली गेले, काच वाजवली, वर चल म्हणाले. तो येतो म्हणाला आणि आला नाही. संध्याकाळ होईपर्यंत तसाच बसून होता. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला, आणि त्यानंतर त्या गोष्टीबद्दल त्यांच्या घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

“त्यो वाईट न्हाई,” व्याही म्हणाले. “भ्याला. पन वर आला न्हाई, त्येच ऱ्हायलं बगा तिच्या मनात.”

मी विचारलं, आम्हाला का नाही कळवलं. ते म्हणाले, तिनंच शपथ घातली होती. आईचं बीपी वाढेल, मीच सांगेन, असं म्हणाली होती. ते वाट बघत राहिले. ती बॅग घेऊन आमच्याकडं आली तेव्हा त्यांना वाटलं, आता सांगितलं असेल. तसं काही दिसेना.

“तुमाला सांगायला म्हनून फोन लावायचो,” ते म्हणाले, “अन् त्वांडात इंजिनच यायचं.”

मला आधी त्यांचा राग आला. मग जावयाचा आला. मग या दोन्हींच्या खाली जे होतं ते वर आलं, आणि ते मला सांगायलाही जड जातं. ज्या दिवशी माझ्या मुलीच्या पोटात कळ आली त्या दिवशी तिनं मला फोन लावला नव्हता. मी त्या वेळी टेस्ट सेलमध्ये असणार. तिथं मोबाइल नेता येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. मी स्वतःची तशी समजूत घातली, तरी आत लागायचं ते लागलंच.  पाणी तळाला थापा मारत होतं आणि वाळूची पोती ओली व्हायला लागली होती.

बोट पलीकडच्या चिखलात जाऊन रुतली. व्याह्यांनी वाटी पुसली, टाकीच्या तळातलं पेट्रोल एका डब्यात काढून घेतलं आणि वरचं तेवढं ठेवलं. बऱ्याच ओढाओढीनंतर इंजिन लागलं. परत येताना धूर माझ्या डोळ्यांत जात होता, आणि ते मला त्या दिवशी बरं वाटलं, कारण डोळे पुसायला निमित्त होतं.

घरी आलो तेव्हा मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “दादांनी सांगितलं.”

तिचा हात थांबला. हातातला टॉवेल तिनं परत पिळला, त्यात पाणी उरलेलं नव्हतं. मग म्हणाली, “मीच सांगणार होते, अण्णा. पण सांगायला घेतलं की सगळं परत पहिल्यापासून व्हायचं.”

 तिनं दोरीवर टॉवेल टाकला, त्याचे कोपरे सरळ केले. मग हळूच म्हणाली, की आईला तुम्ही सांगा, मला परत सांगायला लावू नका. मी बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, मला बोलेल, व्याह्यांना बोलेल. तिनं काहीच केलं नाही. त्या दिवसापासून ती मुलीच्या खोलीत झोपायला लागली, एवढंच.

त्याच सुमारास कंपनीत माझा टेस्ट सेल बंद झाला. मला काढलं नाही, मोटरींच्या विभागात पाठवलं. तिथली पोरं माझ्या मुलीपेक्षाही लहान. ती मला सर म्हणायची आणि सगळं धीरानं समजावून सांगायची. मी खुर्चीवर बसून हिरव्या रेषा बघायचो. मोटर चालू आहे की बंद, हे मला आवाजावरून कळेना, पडद्यावरचे आकडे बघावे लागत. पहिले काही आठवडे मी घरी जाऊन कुणाशी बोललोच नाही.

पण तिथं बसल्या बसल्या बोटीचा हिशेब मात्र माझ्या डोक्यात लागला. गुरुवारच्या चाचणीत एक गोष्ट दिसली होती. बोट संथ चालवली की तिला फार थोडी ताकद लागते. वेग वाढवायला गेलं की पाणी अडवतं आणि ताकद कितीतरी पटीनं खर्ची पडते. व्याह्यांच्या पाहुण्यांना डोंगराच्या कडेनं एक फेरी हवी होती आणि त्याच काठाला परत यायचं होतं. अंतर ठरलेलं, वेग कमी, वजन ठाऊक. आठवड्यातले पाच दिवस बोट उभी राहते, हे पेट्रोलला वाईट, पण बॅटरी तेवढ्यात निवांत चार्ज होते. गुरुवारी लाइट गेली तरी शनिवारपर्यंत वेळ आहे, आणि छतावर सोलर पॅनल टाकले तर थोडी भर तिथूनही पडते. हे सगळं पहिल्याच दिवशी मी म्हणू शकलो असतो. पण तेव्हा चाचणी झालेली नव्हती आणि मन तिकडं वळतही नव्हतं.

मी व्याह्यांना फोन केला आणि म्हणालो, मोटर घ्या, बॅटरीवरची. ते म्हणाले, “तुमी म्हन्ता मंजी व्हय.” मी त्यांना अडचणीही सांगितल्या. वेग मिळणार नाही. उलटा वारा असला की चार्ज लवकर उतरेल, निम्मा झाला की कुठंही असलात तरी बोट वळवायची. बॅटरीची पेटी तळाशी ठेवायची नाही, उंच बसवायची, पाणी लागता कामा नये. आणि दोन्ही वल्ही बोटीतच राहतील, तंबूला बांबू आणा. ते सगळ्याला हां हां म्हणत गेले.

मुलीनं आणि जावयानं एकमेकांच्या संमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण झालं नाही. वकीलही म्हणाले, की इतकं शांत प्रकरण बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. कोर्टातल्या शेवटच्या तारखेला व्याही आले होते. मुलं आत गेली आणि आम्ही दोघं बाहेरच्या टपरीवर चहा घेत उभे राहिलो. जावई आत जाताना माझ्या पाया पडला होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो बारीक झाला होता.

व्याही ग्लास हातात धरून रस्त्याकडं बघत होते. मला वाटत होतं, की आता थोड्या वेळात आमचं काहीच नातं राहणार नाही. मुलांचं लग्न मोडलं की व्याही कुठले. पुढच्या रविवारी मी त्या रस्त्यानं का जाणार? हे त्यांना बोलून दाखवावं का, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “चार्जर ह्या आटवड्यात येतुय का इवाई?” मी म्हणालो, येईल, मी स्वतः घेऊन येतो. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि मला देऊ दिले नाहीत.

मुलगी बाहेर आली तेव्हा थेट त्यांच्याकडं गेली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती काहीतरी बोलली, मला ऐकू गेलं नाही, आणि मी ऐकायला पुढंही झालो नाही.

मोटर बसली. पहिल्या दिवशी दोरी ओढायला म्हणून व्याह्यांचा हात सवयीनं मागं गेला आणि तिथं दोरी नव्हती. मूठ पिळली तशी बोट काठापासून अलगद सुटली. तवंग नाही, धूर नाही. परवानगीवाले साहेब बघून गेले, काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलंच होतं. पण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. तरुण पोरांना वेग हवा असतो. त्यांच्यातल्या कित्येकांनी एवढी स्लो काय म्हणून नाकं मुरडली आणि पुढच्या वेळी ती दुसरीकडं, जिथं बोट पाणी उडवत पळते, तिथं गेली. लहान मुलं घेऊन येणारी आणि म्हातारी माणसं राहिली. एका वादळी दुपारी चार्ज भराभर उतरायला लागला, तेव्हा व्याह्यांनी अर्ध्यातून बोट वळवली आणि पाहुण्यांची बोलणी खाल्ली. घराचं चालतं, पण आधीपेक्षा सुखाचं झालंय असंही नाही. विहीण माझ्याशी अजून मोकळेपणानं बोलत नाही. चहा आणून देते आणि आत जाते. तिचा मुलगा एकटा राहतो, तिचं तिला असणारच.

मुलीनं कंपनीतून बेंगळुरूला बदली मागून घेतली. रोज रात्री तिचा आईला फोन असतो, माझ्याशी दोन वाक्यं बोलते. तब्येत, जेवण, ऑफिस. मी त्यात समाधान मानायला शिकलोय.

मागच्या रविवारी पाहुणे लवकर गेले. छतावरचं एक सोलर पॅनल नीट चार्ज देत नव्हतं, ते जोडून झाल्यावर आम्ही दोघंच एक फेरी मारायला निघालो. सुकाणू माझ्या हातात होतं. व्याही छताच्या खांबाला टेकून बसले होते. पाण्याच्या मधोमध त्यांचा फोन वाजला. इंजिनाचा आवाज नसला की फोनमधला आवाज पलीकडं बसलेल्यालाही ऐकू येतो. मुलगी बोलत होती. जेवलात का दादा, गोळ्या घेतल्या का. मग म्हणाली, की गेल्या आठवड्यात ताप होता, दोन दिवस पडून होते, आता बरी आहे. हे आम्हाला तिनं सांगितलेलं नव्हतं. व्याही तिला रागावले, असं अंगावर काढू नगं म्हणाले. त्यांच्या बोलण्यावरून हा फोन दर रविवारी येत असावा. मी पाण्याकडं बघत बोट सरळ ठेवली.

मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यांनी फोन जरा लांब धरला, परत कानाला लावला आणि म्हणाले, “तुजे वडील हायत हितं. बोट त्येच चालवत्यात.”

 मग ती म्हणाली, की द्या त्यांच्याकडं. मी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं फोन घेतला.

“अण्णा, दमलात का?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. मग म्हणालो, “हो. दमलोय जरा.”

“मीपण,” ती म्हणाली.

नंतर तिनं तापाचं परत पहिल्यापासून सांगितलं, मला. कुठल्या डॉक्टरकडं गेली, शेजारच्या बाईंनी पेज कशी करून दिली, रात्री एकटीला कसं वाटलं. मी मोटर बंद केली आणि ऐकत राहिलो. व्याही डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, कळत नव्हतं.